नक्कल करणाराचा धर्म

नक्कल हा शब्द आपल्या भाषेत फारसा प्रतिष्ठित नाही. वर्गात मास्तरांची नक्कल करणारे पोर बोलणी खाते; परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेवरून नक्कल करणारे पोर वर्गाबाहेर जाते; आणि एखाद्या लेखकाविषयी ‘हा अमक्याची नक्कल करतो’ असे कोणी म्हटले, की त्या बिचाऱ्याची निम्मी पुस्तके एका वाक्यात निकालात निघतात. या शब्दाला खरा मान आहे तो कचेरीत. सातबाराचा उतारा, कोर्टाच्या निकालाची प्रत, जन्मनोंदीचा दाखला, यांवर ‘खरी नक्कल’ असा शिक्का बसला, की त्या कागदावर कर्ज मिळते, वाटण्या होतात, भावाभावांचे दावे लढले जातात आणि क्वचित मिटतातही. ती नक्कल उतरवून घेणाऱ्या कारकुनाला त्या दाव्यात कोणाची बाजू खरी वाटते, हे कोणी विचारीत नाही. त्याने अक्षर न् अक्षर उतरवावे, काही गाळू नये, पदरचे काही घालू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

कारकुनाचा हा नियम घरालाही लागू आहे काय? आपल्याच माणसांच्या आठवणींची नक्कल करण्याची पाळी आली, तर आपणही त्या कारकुनासारखे अलिप्त राहावे, की घरच्या माणसाच्या जिव्हाळ्याने चार गोष्टी झाकाव्यात? हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. यंदाच्या आषाढात आमच्या मामांचा कॉम्प्युटर मरणपंथाला लागला, तेव्हा तो आम्हा सर्वांपुढे उभा राहिला.

मामांचे वय आज ब्याऐंशी. रेल्वेत नोकरी करीत असताना १९९२ साली त्यांनी हप्त्यांवर एक व्हिडिओ कॅमेरा घेतला, आणि पुढची सोळा वर्षे घरात पाळणा हलला, मुंज झाली, लग्न झाले, गणपती बसले, की मामा कॅमेरा डोळ्याला लावून एका कोपऱ्यात उभे. त्यामुळे घरच्या कोणत्याच फिल्ममध्ये मामा नाहीत. अशा चौऱ्याहत्तर कॅसेटी झाल्या. पुढे त्या सगळ्या त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि एका बाहेरच्या डिस्कवरही ठेवल्या. पण मामांचे खरे काम त्यानंतरचे. २००४ पासून त्यांनी या साऱ्या फिल्मांची एक यादी करायला घेतली. हल्लीच्या भाषेत तिला डेटाबेस म्हणतात. तिचे रकाने असे : अनुक्रमांक, तारीख, स्थळ, प्रसंग, कितवे मिनिट, कोण कोण दिसते, आणि शेवटी शेरा. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली, की मामा एखादी फिल्म लावीत, थांबवीत, मागे नेत आणि टिपून ठेवीत. यादी ११४८ नोंदींपर्यंत गेली.

आषाढात हा कॉम्प्युटर अडखळू लागला. आधी नुसता रेंगाळे. मग मध्येच गप्प होई. आणि शेवटी त्याच्या पोटातून टक्, टक् असा आवाज येऊ लागला. पुण्याला कॉम्प्युटरच्याच धंद्यात असलेला मामांचा नातू रविवारी येऊन पोहोचला. त्याने तो आवाज ऐकला आणि आधी बटण बंद केले.

“आजोबा, आता याला हात लावू नका. प्रत्येक वेळी चालू केलंत, की उरलंसुरलं आयुष्य कमी होतंय.”

त्याने आम्हाला समजावून सांगितले ते असे : आत एका धातूच्या डबीत आरशासारख्या चकत्या मिनिटाला हजारो वेळा फिरत असतात, त्यांवर, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर, एक वाचणारे टोक तरंगत असते. हे टोक आपली जागा चुकू लागले, की असा आवाज येतो. ते चकतीला टेकले तर तेथे चरा उमटतो, आणि चऱ्याखालचे लिहिलेले कायमचे जाते. म्हणून डिस्क बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला जोडायची, आणि जे पहिल्या दमात हाती लागेल ते उचलायचे. तर पहिल्यांदा काय उचलू?

“फिल्मा!” घरातली सगळी माणसे एका तोंडाने म्हणाली.

“फिल्मा बाहेरच्या डिस्कवर आहेत, कॅसेटीही आहेत,” तो म्हणाला. “यादी मात्र याच्याखेरीज कुठेच नाही.”

हे उत्तर मला फार शहाणपणाचे वाटले. संकटाच्या वेळी माणसाचा हात मोठ्या वस्तूकडे जातो. पण वाचवायची असते ती एकुलती एक वस्तू. आणि ही एकुलती एक वस्तू किती लहान होती! त्या जातीच्या कॅसेटीवरची एक तासाची फिल्म कॉम्प्युटरवर उतरवली, की सुमारे तेरा जीबी जागा व्यापते. मामांची सगळी यादी तीन एमबीची. म्हणजे एका सेकंदाच्या फिल्मला जेवढी जागा लागते, तेवढ्यात मामांच्या कित्येक वर्षांच्या संध्याकाळी मावत होत्या, आणि वर थोडी जागा उरत होती.

पण यादी वाचली नसती, तर असे काय बिघडले असते? फिल्मा तर होत्याच. येथे मला आपल्या चित्रपटांच्या इतिहासातील दोन गोष्टी आठवतात. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत झळकला. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. पण त्याचा दिग्दर्शक कोण, नायिका कोण, नायक कोण, त्यात गाणी किती, हे आपल्याला माहीत आहे. कारण जाहिराती, पुस्तिका आणि छायाचित्रे राहिली. चित्र गेले, यादी राहिली. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट याच्या उलट. १९१३ च्या या चित्रपटाचा म्हणून जो थोडा भाग आज पाहायला मिळतो, तो मूळ चित्रपटाचा, की फाळक्यांनी १९१७ साली नव्याने काढलेल्या आवृत्तीचा, अशी शंका अभ्यासकांनी घेतलेली आहे. पडद्यावर माणसे चालताबोलताना दिसतात, पण त्यांची ओळख वादात आहे. पहिल्या गोष्टीत हळहळ आहे. दुसरीत त्याहून चमत्कारिक असे काहीतरी आहे : डोळ्यांपुढे असूनही हाती न लागणे.

आमच्या शाळेच्या दिवाणखान्यात जुने ग्रूप फोटो आहेत. त्यांतील एकाच्या खालची नावांची पट्टी वाळवीने खाल्ली आहे. वर पस्तीस मुले आणि चार मास्तर अगदी ठसठशीत, टोप्यांच्या घड्यासुद्धा मोजाव्यात असे. पण शाळेत आलेले पाहुणे या फोटोपुढे उभे राहत नाहीत. शेजारच्या फिकट, डागाळलेल्या, परंतु नावे शाबूत असलेल्या फोटोपुढे उभे राहतात. कोणाला आपले आजोबा सापडतात, कोणाला वडिलांचे मित्र. नाव हरवलेला चेहरा हा केवळ एक चेहरा असतो. त्याच्याशी आपले नाते नसते. घरच्या फिल्मांचेही हेच. आज मामा आहेत म्हणून पंगतीत वाढणारी ती हसरी बाई कोण हे कळते. आणखी तीस वर्षांनी ती ‘कोणीतरी’ होईल, आणि कोणीतरी म्हणजे कोणीच नव्हे.

यादी वाचली. नातवाने ती एकाऐवजी तीन ठिकाणी ठेवली. दोन निरनिराळ्या जातींच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर, पुण्याला. घराला आग लागली, पुराचे पाणी शिरले, तरी एक उरावी, असा या धंद्यातला नियम आहे म्हणे. मला यात नवे काही वाटले नाही. आपल्याकडचे पोथ्या उतरवणारे लेखनिक पोथीच्या शेवटी वाचणाराला विनवून ठेवीत, की हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. साधने बदलली, शत्रू तेच राहिले.

परंतु नक्कल घेतली म्हणजे काम झाले, असे नव्हे. ती उघडून वाचली पाहिजे. नातवाने नवी प्रत आपल्या यंत्रावर उघडली, आणि पडद्यावर दिसू लागली ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. नक्कल एका टिंबानेही चुकली नव्हती. अडचण अशी, की मामांनी यादी केली ती जुन्या मराठी फॉन्टमध्ये. या फॉन्टांत कॉम्प्युटरच्या लेखी ‘क’ हा ‘क’ नसतोच. एखाद्या रोमन अक्षरालाच ‘क’चा पोशाख चढवलेला असतो. फॉन्ट काढून घेतला, की पोशाख उतरतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक १९९१ मध्येच मिळाला होता; परंतु घरोघरच्या मराठी टंकलेखनापर्यंत तो पोहोचायला पुष्कळ वर्षे लागली. आपल्याकडच्या दफ्तरखान्यांत मोडीतील कागदांचे रुमालच्या रुमाल शाबूत आहेत, शाई काळीभोर आहे, पण मोडी वाचणारी माणसे थोडी. मामांची यादी वीस वर्षांतच मोडीच्या वाटेला लागली होती!

जुन्या यंत्रातून तो फॉन्टही मिळाला, यादीचे युनिकोडमध्ये रूपांतर झाले. पण ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर उड्या मारून बसल्या, रफार हरवले, जोडाक्षरे फुटली. तेव्हा ती सबंध यादी माणसाने वाचून दुरुस्त करणे भाग होते. शाळेला सुटी होती, म्हणून ते काम माझ्याकडे आले. मामा जुन्या फॉन्टमधील छापील प्रत मोठ्याने वाचीत, मी नव्या प्रतीत वेलांट्या जागेवर बसवीत असे. पूर्वी पोथ्या अशाच ताडून पाहत. रोज पन्नास नोंदी व्हायच्या.

नवव्या दिवशी आम्ही ४०७ क्रमांकाच्या नोंदीवर आलो. ती अशी :

‘मे १९९६. थोरलीचे लग्न. सवाष्णी ओवाळतात. चौदावे मिनिट. उजवीकडे खांबाआड लुगड्याचा काठ दिसतो, ती आक्का. तिला पुढे कोणी बोलावले नाही. मी कॅमेरा धरून होतो. मीही बोलावले नाही.’

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, माझी मावशी. सव्विसाव्या वर्षी तिचे कुंकू पुसले गेले, आणि ती मामांच्या घरी आली ती कायमची. त्या घरातील तीन पोरांना न्हाऊमाखू घालून, शाळेत पोहोचवून, आजारपणात रात्री जागून तिने वाढवले. थोरलीच्या लग्नाचे लाडू तिनेच वळले होते. २०११ मध्ये ती गेली.

मामा वाचता वाचता थांबले. मामेभाऊ मागे खुर्चीवर वर्तमानपत्र वाचीत होता, त्याने मान वर केली.

“अप्पा, हे कशाला ठेवायचं? एवढं चांगलं लग्न झालं. उद्या पोरंबाळं वाचतील, ताई वाचेल. आता नवीन प्रत होतेच आहे, तर असे चार-दोन शेरे गाळून टाका. दुधात मिठाचा खडा कशाला?”

मामा काहीच बोलले नाहीत. माझा हात वेलांटीवर थबकलेला होता.

मामेभावाचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही, हे मी आधीच सांगतो. विसरणे हीही देवाने माणसाला दिलेली एक सोय आहे. सगळेच लक्षात राहते, तर कोणत्याही दोन भावांना एका पंगतीत जेवता आले नसते. घर चालते ते पुष्कळ गोष्टींवर पदर घातल्यामुळे चालते. शिवाय त्या यादीत याहून नाजूक शेरेही होते. एका मुलीची ठरून मोडलेली सोयरीक होती; ती मुलगी आज दुसऱ्या घरी सुखाने नांदते आहे. एका नातेवाइकाच्या व्यसनाचा उल्लेख होता. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना विचारून लिहिलेले नव्हते. आपल्याविषयी कोणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये एक ओळ जपून ठेवलेली आहे, हे कळले तर त्यांना काय वाटेल? जतन करणाराने या प्रश्नाकडे पाठ फिरवली, तर त्याचे प्रामाणिकपण उद्धटपणाच्या जवळ जाते.

आणि तरीही मला गाळणे मान्य होईना. का होईना, याचा मी पुष्कळ विचार केला. मला जे दिसले ते असे.

एखाद्या चांगल्या चाललेल्या वहीतली ओळ खोडणे निराळे. तेथे खोडल्याची खूण राहते. खोडणारा ती आपली ओळ म्हणून खोडतो. उद्या मन पालटले तर पुन्हा लिहितो. मूळ मरत असताना नक्कल करणे निराळे. तेथे मूळ गेले, की नक्कल हीच मूळ होते. तिच्यात जे नाही ते कधी नव्हतेच, असे होऊन बसते. गाळलेल्या ओळीची जागाही मोकळी राहत नाही. ४०६ नंतर ४०७ येते, ओळीला ओळ भिडते, आणि शंका घ्यायलाही काही शिल्लक राहत नाही. म्हणजे ज्या क्षणी आपल्याला ‘आपण नुसती नक्कल करीत आहोत’ असे वाटते, त्याच क्षणी आपल्या हाती सर्वांत अधिक सत्ता असते. ज्याला दुरुस्त करायला मागून कोणी येणार नाही, त्याने हात आखडता ठेवावा, हा साधा न्याय आहे.

आपल्या भाषेतील सर्वांत थोर नक्कलकाराने नेमके हेच केले. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० मधली. पुढच्या तीनशे वर्षांत हातोहात नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले, कोणाकोणाच्या पदरच्या ओव्या शिरल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची प्रत शुद्ध केली. नाथ स्वतः महाकवी. ज्ञानेश्वरांच्या ओवीला ओवी जोडण्याची शक्ती त्यांच्याइतकी कोणाजवळ होती? पण त्यांनी ग्रंथाच्या पोटात आपले काही घातले नाही. शेवटी निराळ्या पाच ओव्या लिहून शक नोंदवला, काय केले ते सांगितले, आणि यापुढे कोणी यात स्वतःची ओवी घालील तर तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, अशी ताकीद दिली. ही नम्रता खरीच. परंतु तिच्यात एक पद्धतही आहे. मुळाला हात लावायचा नाही. तुम्हाला काही म्हणायचे असेल, तर मुळाच्या बाहेर, आपल्या नावाने, तारीख घालून म्हणा.

मग त्या मोडलेल्या सोयरिकीचे काय? येथे मला जतन करणे आणि दाखवणे या दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. आपण त्यांची गल्लत करतो, म्हणून आपल्याला वाटते, की झाकायचे तर पुसलेच पाहिजे. वकील, डॉक्टर, शाळेचा मास्तर यांना पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात. माझ्या हजेरीपटात कोणत्या मुलाचे वडील वारले, कोणाची फी कोणी भरली, याच्या नोंदी असतात. त्या मी खरडून काढीत नाही, आणि वर्गात मोठ्याने वाचीतही नाही. जपणाराने सर्व जपावे. दाखवणाराने निवडून दाखवावे. जपताना निष्ठा लागते आणि दाखवताना दया लागते; एकीचे काम दुसरीवर सोपवले, की दोन्ही बिघडतात. दया नक्कल करायला बसली, तर ती खोटी नक्कल करील. आणि निष्ठा दाखवायला बसली, तर ती कुणाच्या तरी भरल्या घरात जुना कागद फडकावील.

हा तोडगा सर्व अडचणी मिटवणारा आहे, असे मी म्हणत नाही. जपलेली वस्तू कधीतरी दुसऱ्याच्या हाती जातेच. म्हणून तर जुने लेखनिक मूर्खाच्या हाताची धास्ती घेत. जो सगळे जपतो त्याच्यावर आणखी एक ओझे येते : किल्ली कोणाकडे द्यायची, हे ठरवण्याचे. पण हे ओझे पत्करणे मला पुसण्याच्या सोयीपेक्षा अधिक माणुसकीचे वाटते.

संध्याकाळी मामेभावानेच ताईला नागपूरला फोन लावला. मला वाटते, ती आपली बाजू घेईल असा त्याचा भरवसा होता. त्याने ती नोंद तिला वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली,

“चौदावं मिनिट? खांबाआड? अरे, आत्या गेल्यापासून त्या फिल्ममध्ये मी तिला किती वेळा शोधलं असेल! मला वाटलं, ती त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. मला ते मिनिट लिहून पाठव.”

मामेभावाने फोन ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. ‘गाळा’ असे तो पुन्हा म्हणाला नाही.

आम्ही ती फिल्म लावली. चौदाव्या मिनिटाला निरांजने फिरत आहेत, बांगड्या वाजत आहेत, आणि पडद्याच्या अगदी उजव्या कडेला, दगडी खांबाला लागून, गडद काठाचे चार बोटे लुगडे आहे. बस्स, एवढेच. नोंद नसती, तर तो पडदा आहे, की खांबाला गुंडाळलेले कापड, हेही कोणाला सांगता आले नसते. जो शेरा लग्नाला गालबोट लावतो म्हणून आम्ही पुसणार होतो, त्याच शेऱ्यात त्या लग्नातील आक्काची एकुलती एक हजेरी होती. डाग पुसायला गेलो असतो, आणि माणूस पुसले गेले असते.

याला घरापलीकडचाही अर्थ आहे. १९९६ साली त्या मांडवात आक्काला न बोलावणे कोणालाच खटकले नाही. रीतच तशी होती. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याची चर्चा राज्यभर झाली. असे ठराव का करावे लागले, हे उद्याच्या मुलांना कोण सांगणार? लग्नाच्या फिल्मा सांगणार नाहीत. त्यांत सगळे हसतच असतात. ते सांगेल खांबाआडच्या चार बोटे काठाखाली कोणीतरी प्रामाणिकपणे लिहिलेली ओळ. आपण नकलेतून दुखरे तेवढे काढून टाकत गेलो, तर पुढच्यांना असे वाटेल, की आपण मोठी गोड माणसे होतो, आणि बदल आपोआप झाला. ते आपल्याला सुखाचेच जाईल; पण त्यांना ते उपयोगाचे नाही.

यादी पुरी व्हायला श्रावण उजाडला. आता ती कोणत्याही यंत्रावर उघडेल अशा साध्या अक्षरांत आहे, आणि अठ्ठावन्न पानांवर छापून, शिवून, मामांच्या कपाटातही आहे. शेवटच्या दिवशी मामांनी मला ४०७ क्रमांकाची नोंद पुन्हा काढायला सांगितली. मला वाटले, त्यांचे मन डळमळले. पण त्यांना खोडायचे नव्हते. त्यांनी नोंदीच्या खाली, एक ओळ सोडून, आजची तारीख घालायला लावली आणि सांगितले तसे मी लिहिले :

‘२००९ मध्ये आक्काला ही फिल्म दाखवली. हे मिनिट आल्यावर मी थांबवले. ती म्हणाली, लुगडे मात्र चांगले दिसते आहे; तूच आणले होतेस, सोलापूरहून.’

आक्काने क्षमा केली होती, की विषय टाळला होता, की खरोखरच तिला लुगड्याचे कौतुक वाटले होते, हे त्या ओळीतून कळत नाही. मामांनाही ते कळले नसावे. त्यांनी तिचे शब्द होते तसे उतरवले, इतकेच.

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघर माणसे जमतील. फराळाची ताटे सरतील, दुपारी आळस येईल, आणि कोणीतरी जुनी लग्ने, जुन्या भाऊबिजा मोबाइलवर नाहीतर टीव्हीवर लावील. त्या वेळी जवळ बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, की हा कोण, ही कोण, आणि त्या कडेला अर्धीच दिसते ती कोण. जे सांगतील ते लिहून घ्यावे. त्यात एखादी न आवडणारी गोष्ट निघाली तर कोणाला दाखवायची, कोणाला नाही, हे सावकाश ठरवता येईल. घरात शहाणी माणसे असतात. लिहून घ्यायला मात्र उशीर करू नये.